सायकलप्रवासाचे लेखन आणि ‘आम्ही’तला मित्र

१

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. लेखकाने कोणता प्रदेश पाहिला, हे एक अंग. आणि तो पाहताना लेखकाचे मन कसे उमलले, हे दुसरे. पहिल्या अंगाने पाहणारा टीकाकार माहितीची अपेक्षा करतो, दुसऱ्या अंगाने पाहणारा आत्माविष्काराची. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. परंतु तिसरेही एक अंग आहे, आणि त्याकडे फारसे कोणी वळलेले नाही. प्रवासात लेखकाबरोबर कोण होते, आणि ते माणूस लेखनात उतरले की नाही, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न सर्वच प्रवासवर्णनांना विचारता येईल. परंतु तो एका लहानशा उपप्रकाराला विचारला असता सर्वांत स्पष्ट उत्तर मिळते, असा आमचा अनुभव आहे. तो उपप्रकार म्हणजे मित्रांनी मिळून केलेल्या अनेक दिवसांच्या सायकलप्रवासाचे वर्णन. आगगाडीच्या प्रवासात सहप्रवासी बदलत जातात. मोटारीत चालक, घरची मंडळी, सामान अशी गर्दी असते. सायकलवर मात्र रानावनांतून, खेड्यापाड्यांतून दिवसेंदिवस तीच दोन-तीन माणसे असतात. त्यांतल्या एकाच्या हाती लेखणी असते. मग दुसऱ्याचे काय होते?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. सायकलप्रवास हाच मुळी वाङ्मयाच्या दृष्टीने हलका विषय, तेव्हा त्यातल्या सोबत्याची चिकित्सा ती काय करावयाची, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, विषय हलका म्हणून त्यात झालेली चूक हलकी ठरत नाही. आपल्याबरोबर चार दिवस घाम गाळणारा माणूस ज्याला शब्दांत उभा करता येत नाही, त्याने डोंगर, नद्या आणि देवळे कितीही रंगवली तरी त्याच्या दृष्टीविषयी शंका घ्यावीच लागते.

२

प्रथम वाहनाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. कारण सोबतीचे स्वरूप वाहनावर अवलंबून असते.

आज आपण जिला सायकल म्हणतो ती फार जुनी नाही. पुढे प्रचंड चाक आणि मागे चिमुकले चाक असलेल्या उंच सायकलीवरून पडण्याची भीती मोठी होती. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सारख्या उंचीच्या दोन चाकांची आणि मागचे चाक साखळीने फिरविणारी सायकल पुढे आणली. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेली रबरी धाव तयार केली. या दोन सुधारणांनंतर सामान्य माणूस सायकलवरून दूरचा प्रवास करू लागला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत सायकलप्रवासाची पुस्तके जी भराभर निघाली, त्यांचे कारण या दोन सुधारणांत आहे.

या वाहनाने सोबतीचा एक नवाच प्रकार जन्माला घातला. पायी चालणारे दोघे खांद्याला खांदा लावून चालतात आणि अखंड बोलू शकतात. गाडीत बसलेले दोघे समोरासमोर असतात. सायकलवरचे दोघे बहुधा एकापाठोपाठ असतात. रस्ता रुंद आणि मोकळा असला तर थोडा वेळ बरोबरीने जातात. मागून गाडी आली की पुन्हा रांग. चढावर बोलणे अशक्य, कारण श्वास पुरत नाही. उतारावर बोलणे अशक्य, कारण वारा शब्द उडवून नेतो. म्हणजे दिवसभर बरोबर असूनही दोघे दिवसभर एकेकटे असतात. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. पुढच्याला मागचा दिसत नाही. त्याच्या साखळीची करकर, घंटीचा चुकार आवाज, दगडावरून उडालेल्या चाकाचा खडखडाट, एवढ्यावरून तो आहे असे समजावयाचे. संवाद व्हावयाचा तो थांबल्यावर: पुलाच्या कठड्यावर बसून, चहाच्या टपरीवर, किंवा पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता.

अशा सोबतीत एक विलक्षण गुण आहे. ती न बोलता चालते. एकाने वेग कमी केला की दुसऱ्याने तो आपोआप कमी करावयाचा. एकाने सामान बांधले की दुसऱ्याने गाठ पाहावयाची. या सोबतीतले पुष्कळसे उपकार पाठीमागे घडतात. आणि जे पाठीमागे घडते ते लेखकाला दिसत नाही, हीच या लेखनप्रकाराची मूळ अडचण आहे.

३

ही अडचण लेखनात कोणत्या रूपाने येते? आमच्या मते ती एका सर्वनामाच्या रूपाने येते. ते सर्वनाम म्हणजे ‘आम्ही’.

मराठीचे भाग्य असे की, तिला प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. बडोद्याच्या वाचकास गुजरातीतील ‘अमे’ आणि ‘आपणे’ हा भेद परिचित आहे. हैदराबादच्या वाचकास तेलुगूतील ‘मेमु’ आणि ‘मनमु’ ठाऊक आहेत. मराठीत हा भेद द्राविड भाषांच्या सहवासाने दृढ झाला, असे मानणारे भाषाभ्यासकही आहेत. उलट इंदूर-ग्वाल्हेरकडे ऐकू येणाऱ्या हिंदीतील ‘हम’ला, बेळगावच्या बाजारात ऐकू येणाऱ्या कन्नडातील ‘नावु’ला आणि इंग्रजीतील ‘वुई’ला हा भेद माहीत नाही. एकाच शब्दाने तेथे दोन्ही कामे होतात.

म्हणून सायकलप्रवासाचे इंग्रजी पुस्तक मराठी मनाने वाचताना एक गंमत होते. प्रत्येक ‘वुई’पाशी आपल्या मनात प्रश्न उभा राहतो: हे ‘आम्ही’ की ‘आपण’? लेखक आपल्याला बरोबर घेऊन चालला आहे, की दोघे पुढे निघून गेले आणि आपण वेशीवर उभे आहोत? आणि ‘आम्ही’ असेल, तर त्या ‘आम्ही’मध्ये नेमके किती जण जिवंत आहेत?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘आम्ही उठलो, आम्ही निघालो, आम्ही चढ चढलो, आम्ही दमलो’ अशा वाक्यांत मित्राच्या वाट्याला स्वतःचे एकही क्रियापद येत नाही. तो लेखकाबरोबर उठतो, लेखकाबरोबर दमतो. वस्तुतः दोन माणसे एकाच क्षणी आणि एकाच प्रमाणात कधीही दमत नाहीत. एक आधी दमतो; दुसरा ते ओळखून ‘जरा पाणी पिऊ या’ असे म्हणतो, जणू तहान त्यालाच लागली आहे. या ‘जरा पाणी पिऊ या’मध्ये सारी मैत्री आहे, आणि ‘आम्ही दमलो’मध्ये ती समूळ नाहीशी झाली आहे. सबब, दोघांच्या प्रवासाचे वर्णन हाती आले की त्यातील मित्राची स्वतंत्र क्रियापदे मोजावीत. रसग्रहणाची ही कसोटी स्थूल आहे, पण दगा देत नाही.

४

या कसोटीवर आपण तीन पुस्तके पाहू.

पहिले पुस्तक टॉमस अ‍ॅलन आणि विल्यम साख्टलेबन या दोन अमेरिकन विद्यार्थ्यांचे, ‘अ‍ॅक्रॉस एशिया ऑन ए बायसिकल’, १८९४ साली प्रसिद्ध झालेले. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून १८९० साली पदवी घेऊन हे दोघे मित्र लागलीच जगप्रवासास निघाले. पुस्तकात त्यातील कॉन्स्टँटिनोपलपासून पेकिंगपर्यंतचा आशियाखंडातील भाग आहे. आशिया मायनर, इराण, रशियन तुर्कस्तान, गोबीचे वाळवंट आणि चीन असा हा मार्ग. वाटेत जुलै १८९१ मध्ये त्यांनी अरारात पर्वताचे शिखर गाठले. एकंदर जगप्रवासात सायकलीवरचे अंतर पंधरा हजार मैलांहून अधिक झाले. आपणांस विक्रम करावयाचा नव्हता, असे ते प्रस्तावनेतच सांगतात. आणि हा त्यांचा विनय खरा आहे.

या पुस्तकाचे गुण मोठे आहेत. भाषा संयमी, निरीक्षण चौकस. गावोगाव जमणाऱ्या आणि सायकल चालवून दाखविण्याचा आग्रह धरणाऱ्या जमावाची चित्रे मौजेची आहेत. चीनचे मुत्सद्दी ली हुंग-चांग यांच्या भेटीचे प्रकरण तर ऐतिहासिक मोलाचे आहे. परंतु पुस्तक मिटल्यावर अ‍ॅलन कोणता आणि साख्टलेबन कोणता, हे वाचकास सांगता येत नाही. जवळजवळ सर्वत्र एक अखंड ‘वुई’ वाट चालत असतो. त्यांपैकी कोण अधिक हट्टी होता, कोणाला घराची आठवण येई, कोणाचा राग आधी निवे, यांतले वाचकाच्या हाती काही राहत नाही. जवळजवळ तीन वर्षे चाललेल्या भ्रमंतीत दोन तरुण एकमेकांस कंटाळले नसतील, हे संभवत नाही. आणि त्या कंटाळ्यावर मात करून पुन्हा एकत्र पेकिंगला पोचले नसते, तर पुस्तकच झाले नसते. म्हणजे जी गोष्ट या प्रवासाचा खरा आधार होती, तीच पुस्तकात नाही.

दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात दुसरे काय होणार, असा आक्षेप येईल. तो अंशतः मान्य केला पाहिजे. दोन लेखकांनी एका लेखणीने लिहावयाचे म्हटले की ‘मी’ आणि ‘तो’ हे शब्द अवघड होतात. सौजन्याने दोघेही ‘आम्ही’च्या आड उभे राहतात. परंतु सौजन्य हा वागणुकीचा गुण आहे, वाङ्मयाचा नव्हे. सौजन्यापोटी एकमेकांस लपविणारे दोन मित्र वाचकापासून दोन माणसे लपवितात.

दुसरे पुस्तक आपल्या जवळचे आहे. १५ ऑक्टोबर १९२३ या दिवशी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे चार वर्षे पाच महिन्यांनी, मार्च १९२८ मध्ये, सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून मुंबईस परतले. ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हे त्यांचे पुस्तक १९३१ साली निघाले. पारतंत्र्यात वाढलेल्या तरुणांनी स्वतःच्या पायांच्या बळावर पृथ्वी पालथी घालावी, ही घटनाच स्फूर्तिदायक आहे, आणि तिचे मोल कोणत्याही वाङ्मयीन चर्चेने कमी होत नाही.

परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने या प्रवासातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट तिचे अंकगणित आहे. निघताना सहा, परतताना तीन. ‘वुई’ हा शब्द निघण्याच्या दिवशी सहा जणांचा होता. परतण्याच्या दिवशी तो तिघांचा झाला. आणि शब्दात मात्र काडीचाही बदल झाला नाही. व्याकरणाला सहा आणि तीन यांतला फरक कळत नाही. जो मागे राहिला त्याच्या सायकलीची जागा दुसऱ्या दिवशीच्या रांगेत कशी भरून निघाली? पुलावर थांबल्यावर कोणाच्या विनोदाची उणीव भासली? असे प्रश्न त्या शब्दाला विचारता येत नाहीत. तो शब्द रबरी धावेसारखा आहे. छिद्र पडले तरी ठिगळ लावून पुढे चालू लागतो, आणि बाहेरून काही दिसत नाही.

५

तिसरे पुस्तक वरील दोहोंच्या मानाने पराक्रमशून्य आहे. जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदकाराचे ‘थ्री मेन ऑन द बमेल’ हे पुस्तक १९०० सालचे. त्याच्या ‘थ्री मेन इन ए बोट’ या १८८९ सालच्या प्रसिद्ध पुस्तकातील तिघे मित्र येथे जर्मनीत सायकलप्रवासास जातात. बरोबर दोन बैठकांची एक जोडसायकल आणि एक साधी सायकल. पुष्कळसा देश ते आगगाडीनेच ओलांडतात. खरा सायकलप्रवास काय तो श्वार्त्सवाल्ड, म्हणजे ‘काळे अरण्य’ या डोंगराळ प्रदेशातला. कोणी शिखर चढत नाही, कोणी वाळवंट ओलांडत नाही.

या पुस्तकावर टीकाकारांचा ठरलेला आक्षेप असा की, पहिल्या पुस्तकास टेम्स नदीचे सूत्र होते, ते येथे नाही; त्यामुळे पुस्तक विस्कळीत झाले आहे. आक्षेप खोटा नाही. जर्मन लोकांच्या शिस्तप्रियतेवरील प्रकरणे लांबलेली आहेत, आणि परक्या समाजाविषयीची ठोकळ विधाने आजच्या वाचकास रुचत नाहीत. हे सर्व मान्य करूनही आमचे म्हणणे असे आहे की, सायकलवरच्या सोबतीचे मर्म जेरोमला जसे कळले तसे त्या दोन पराक्रमी पुस्तकांना कळले नाही.

याचे प्रमाण म्हणून हॅरिसच्या पत्नीची कथा घ्यावी. हॅरिस आणि त्याची पत्नी हॉलंडमधून जोडसायकलीवरून चालली आहेत. रस्ता खडबडीत येतो. हॅरिस मान न वळवता ‘नीट धरून बैस’ अशा अर्थाचे काही सांगतो. मागे बसलेल्या पत्नीस ते ‘उतर’ असे ऐकू येते. ती उतरते. हॅरिस तसाच पुढे निघून जातो. मैलांवर मैल जातात. मागची बैठक रिकामी आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. ध्यानात आल्यावर तो जेव्हा परत फिरतो, तेव्हा आपण कोणत्या रस्त्याने आलो हेच त्याला आठवत नाही. पुढचा गोंधळ विनोदी आहे, आणि वाचक पोट धरून हसतो.

पण हसू ओसरल्यावर काय उरते? उरते ते असे की, मागची बैठक रिकामी झाली तरी पुढच्याच्या मनातले ‘आम्ही’ शाबूत होते. तो मनाने दोघांचा प्रवास करीत होता. रस्त्यावर मात्र एकटा होता. सोबत आहे या खात्रीनेच माणूस सोबत्याकडे पाहावयाचे सोडतो. वर ज्या दोन पुस्तकांचा उल्लेख केला, त्यांतील दोष जेरोमने या एका प्रसंगात नकळत सांगून टाकला आहे. लेखकाने मान वळवून पाहिले नाही, एवढाच तो दोष.

जोडसायकलीविषयी त्याने आणखी एक निरीक्षण केले आहे. पुढे बसणाऱ्याची पक्की समजूत असते की मागचा काहीच करीत नाही; आणि मागच्याची तितकीच पक्की समजूत असते की सगळे ओझे आपणच ओढतो. येथे ‘आम्ही’ फुटला आणि त्यातून दोन माणसे बाहेर पडली. दोघांचे श्रम एकाच साखळीत मिसळले आहेत, पण दोघांचे हिशेब वेगळे आहेत. ज्यांनी मित्राबरोबर चार दिवस प्रवास केला आहे, त्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. आणि असे हिशेब मनात असूनही दोघे संध्याकाळी एका ताटात जेवतात, हेही त्यांना ओळखीचे असेल.

सायकल दुरुस्त करण्याच्या हौशी परिचिताचे प्रकरणही याच जातीचे आहे. चांगली चालणारी सायकल तो गृहस्थ उलगडून ठेवतो. चाकातले छर्रे वाटेवर सांडतात. ते गोळा करण्यात सकाळ जाते. येथे सायकलीविषयी जेवढी माहिती मिळते त्याहून अधिक त्या गृहस्थाविषयी मिळते. उत्साह, अज्ञान आणि मदतीची खरी इच्छा यांचे ते मिश्रण आपल्या प्रत्येकाच्या आळीत आहे. त्याला स्वतःची क्रियापदे आहेत, आणि म्हणून तो जिवंत आहे.

६

येथे एक महत्त्वाचा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. जेरोमला मित्र वेगळे दाखविता आले ते तो विनोदकार होता म्हणून. विनोदाला दोष लागतात, आणि दोष माणसागणिक वेगळे असतात. गंभीर लेखकाने मित्राचे दोष सांगावेत काय? आणि दोष न सांगता मित्र उभा राहील काय?

विनोदात ही सोय आहे, हे खरे. आपल्याकडेही प्राध्यापक चिं. वि. जोशी यांनी बडोद्यास राहून चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जी जोडी निर्माण केली, तिची प्रकृती तीच आहे. चिमणराव बोलतो आणि गुंड्याभाऊ करतो. एकाला दुसऱ्यावाचून गती नाही, आणि तरी एकाचा दुसऱ्यात लोप होत नाही. परंतु ही गोष्ट विनोदाची मक्तेदारी नव्हे, याला मराठीतच अत्यंत गंभीर पुरावा आहे. तो म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात १८५७ सालच्या उत्तरेकडील प्रवासाची हकीकत आहे. विष्णुभट आणि त्यांचे काका द्रव्यार्जनाच्या आशेने पायी निघाले, आणि बंडाच्या वावटळीत सापडले. इंदूर, ग्वाल्हेर, झाशी ही नावे या मासिकाच्या वाचकांस परकी नाहीत. वाहन नाही, तरी जोडी आहे. आणि बहुतेक ‘आम्ही’ म्हणजे काका-पुतण्याच. परंतु हा ‘आम्ही’ एकजीव गोळा नाही. काकांचे वय वेगळे, जबाबदारी वेगळी, भय वेगळे. पुतण्याला जे पाहण्याची उत्सुकता वाटते, त्यापासून त्याला सुखरूप परत नेण्याची चिंता काकांना आहे. झाशीच्या कत्तलीत जीव मुठीत धरून राहिलेली ती दोन माणसे दोन आहेत, हे वाचकास विसरता येत नाही. विष्णुभटांना वाङ्मयप्रकारांची जाण नव्हती. पण घरी परतल्यावर ज्याचे उपकार स्मरावयाचे, त्या माणसाची जाण होती. काकांचा दोष दाखविण्याची त्यांना गरज पडली नाही. काकांचे वेगळेपण सांगितले, तेवढे पुरे झाले.

म्हणजे मित्राला लेखनात उभा करण्यास दोष लागत नाहीत, फरक लागतो. ‘मला असे वाटले, त्याला तसे वाटले’ एवढी फट पुरते. त्या फटीतूनच वाचकही आत येतो. सहप्रवासी जोवर ‘आम्ही’त विरघळलेला आहे तोवर वाचकाला आत जागा नाही, तो वेगळा झाला की त्याच्या शेजारी वाचकालाही बसावयास जागा होते. ‘आम्ही’चे ‘आपण’ होते ते असे.

याची उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. आयर्लंडची डर्व्हला मर्फी १९६३ साली डंकर्कहून दिल्लीपर्यंत सायकलीवरून एकटी आली. ‘फुल टिल्ट’ हे तिचे पुस्तक १९६५ सालचे. तिने आपल्या सायकलीला ‘रोझ’ असे नाव दिले होते. डॉन किहोतेच्या रोसिनांते या घोड्याच्या नावाचे ते लघुरूप. सोबतीस कोणी नसले तर निर्जीव लोखंडालाही माणसाच्या जागी बसवावेसे वाटते. आणि आम्ही लेखक सजीव मित्राला सर्वनामात बुडवून ठेवतो! एकटीने सायकलीला व्यक्तित्व दिले. दुकट्याने मित्राचे व्यक्तित्व काढून घेतले.

७

‘आम्ही लेखक’ असे वर लिहिले, ते केवळ शिष्टाचाराने नव्हे. या विषयाकडे वळण्याचे कारण येथे सांगणे प्राप्त आहे.

चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी बेळगावहून गोव्यास आम्ही एका शिक्षक मित्राबरोबर सायकलने गेलो होतो. खानापूर, लोंढा, पुढे अनमोडचा घाट उतरून मोले, फोंडा आणि पणजी, असा चार दिवसांचा रमतगमत प्रवास. त्याची एक वही आमच्यापाशी आहे. गेल्या वर्षी तो मित्र निवर्तला, तेव्हा ती काढून वाचली. तिच्यात मैल आहेत, मुक्काम आहेत, घाटातल्या झाडांची नावे आहेत, मंगेशीच्या दीपमाळेचे वर्णन आहे. प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘आम्ही’. मित्राचे नाव सबंध वहीत एकदाच येते, शेवटच्या पानावरील हिशेबात: ट्यूबचे त्याचे साडेसहा रुपये देणे. ते दिले की नाही, हेही आठवत नाही.

समाचाराला गेलो असता त्याच्या धाकट्या भावाने एक गोष्ट सांगितली. “मास्तर, दादा त्या गोव्याच्या सहलीची नेहमी आठवण काढायचा. म्हणायचा, यांना सामान बांधता येत नसे. कॅरियरवरची वळकटी सारखी सरकायची. सांगितले तर यांना वाईट वाटेल, म्हणून मी आपला चारही दिवस मागून नजर ठेवून चाललो.” तो सदैव मागे असे, हे आम्हांस आठवत होते. त्याची सायकल जड आहे अशी आमची समजूत होती. चढावर थांबून त्याची वाट पाहिल्याचा थोडा अभिमानही होता. वहीत तसे लिहिलेही आहे: ‘वेग कमी ठेवावा लागला.’

हे वाचून कोणी आमच्या भावनाविवशतेस हसेल. परंतु आम्ही हे वाङ्मयाच्या चर्चेत सांगितले, त्यास कारण आहे. त्या वहीतले एकही विधान खोटे नव्हते. मैल बरोबर होते, दीपमाळही बरोबर होती. तरी त्या प्रवासात सर्वांत महत्त्वाचे जे घडले, ते वहीत नव्हते. कारण ते आमच्या पाठीमागे घडले, आणि ते पाहण्यासाठी जे एक क्रियापद वेगळे करावे लागले असते — ‘तो मागे राहिला’ — ते आम्ही केले नाही. केले असते, तर ‘का मागे राहिला?’ हा प्रश्न त्याच दिवशी पडला असता. आणि विचारावयास तो समोर होता. ‘आम्ही’ या शब्दाने तो प्रश्न चाळीस वर्षे पुढे ढकलला. लेखनातील सर्वनामाची चूक आयुष्यातील पाहण्याची चूक असू शकते, ते अशी.

८

शाळा-महाविद्यालयांतून प्रवासवर्णन शिकविणाऱ्या मंडळींस यातून एक सूचना करावीशी वाटते. सहलीवरील निबंध आपण दरवर्षी तपासतो. ‘आम्ही पहाटे उठलो, आम्ही बसमध्ये बसलो, आम्ही किल्ला पाहिला’ अशी त्यांची ठरलेली चाल असते, आणि आपण शुद्धलेखनाखाली लाल रेघा ओढून वही परत करतो. त्याऐवजी मुलास एवढेच सांगावे: तुझ्या शेजारी कोण बसले होते? त्याने काय केले, जे तू केले नाहीस? अशी पाच वाक्ये लिही. या पाच वाक्यांनी निबंधाचे रूप बदलते की नाही, ते प्रत्येकाने आपल्या वर्गात पाहावे. आमच्या वर्गात ते बदलले आहे. एका मुलाने लिहिले होते की, किल्ल्यावर त्याच्या मित्राने आपल्या डब्यातले अर्धे माकडाला दिले आणि मग सांगितले की आपल्याला भूक नव्हती. त्या निबंधात किल्ल्याचे वर्णन अपुरे होते. आम्ही गुण पूर्ण दिले.

मराठी प्रवासवर्णनाने गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ मजल मारली आहे. परदेशांचे वैभव आले, लेखकाच्या मनाचे सूक्ष्म तरंग आले, विनोद आला, चिंतन आले. आता सोबतचा माणूस यावा. त्यासाठी वाळवंट ओलांडण्याची किंवा पृथ्वीप्रदक्षिणेची गरज नाही. दोन सायकली, चार दिवस आणि खानापूर ते मोले एवढा रस्ता पुरतो. लेखकाने अधूनमधून मान वळवून मागे पाहिले पाहिजे, इतकेच.